रस्ता तोडू नका, गोष्ट सांगा

दिवाळी अंकात मोटारींच्या शर्यतीवर लिहिणार आहे, असे मी आमच्या शाळेतील एका सहकाऱ्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी सत्यनारायणाच्या पूजेत फटाका लावायला निघालो आहे. "मास्तर, तुम्ही कादंबरीवाले. तुम्हाला त्या धुरळ्याशी काय कर्तव्य?" असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. माझ्याकडे मोटार नाही आणि मला ती चालवताही येत नाही. पण ज्याला पोहता येत नाही त्याला नदीची ओढ असू नये, असा काही नियम नाही. शिवाय या खेळाविषयी सध्या जो वाद चालला आहे, तो नीट पाहिला तर मोटारींचा नाहीच. मोठी, सावकाश उलगडत जाणारी गोष्ट या काळात सांगावी की नाही, असा तो वाद आहे. त्यात कादंबरीवाल्याने गप्प बसणे हा भेकडपणा होईल.

प्रथम ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. वर्तुळाकार मार्गावर वीस मोटारी एकामागून एक फेऱ्या मारतात ती शर्यत निराळी. रॅलीत मोटार एकटी धावते. दर दोन-तीन मिनिटांनी एक गाडी सुटते. डोंगरातला, जंगलातला, बर्फातला नेहमीच्या वहिवाटीचा रस्ता तेवढ्यापुरता बंद करतात आणि त्या टप्प्यावर गाडीला किती वेळ लागला हे घड्याळ लावून मोजतात. एक टप्पा संपला की तीच गाडी, नंबरपाटी लावून, तुमच्याआमच्यासारखी वाहतुकीचे नियम पाळीत दुसऱ्या टप्प्याकडे जाते. असे तीन-चार दिवस चालते आणि सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज ज्याची कमी तो जिंकतो. चालकाच्या शेजारी एक सहचालक असतो. आदल्या दिवसांत रस्ता पाहून त्याने टिपणे काढलेली असतात, आणि हादऱ्यांनी दात वाजत असताना तो ती वाचून दाखवत असतो: पुढे डावे वळण, मग उंचवटा, मग उजवीकडे आवळत जाणारे वळण. चालक जे अजून दिसले नाही त्याच्यावर, केवळ दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून, गाडी घालतो. शब्दावर इतका भरवसा टाकणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

आता वाद काय आहे? नव्या काळाचे जाणकार म्हणतात: प्रेक्षकाला धीर उरलेला नाही. त्याच्या हातात फोन आहे, अंगठा सारखा वर सरकतो आहे. तीन दिवस चालणारी शर्यत त्याने का पाहावी? कोण पुढे, कोण मागे हे डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा रॅली आखडा. एका दिवसात उरका. स्टेडियमात आणा, दोन गाड्या शेजारी शेजारी पळवा, पंधरा मिनिटांत निकाल लावा. क्रिकेटने केले, तुम्ही का करत नाही?

ही मंडळी मूर्ख नाहीत. त्यांची तक्रार खरी आहे, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या नाशिक जिल्ह्यात एक रॅली झाली. टप्पा आमच्या गावापासून चार कोसांवर होता. मी सातवीची बारा पोरे घेऊन पहाटे निघालो. भाकरी बांधून घेतली होती. टेकडीवर जाऊन बसलो. तीन तास काहीच घडले नाही. मग एक शिट्टी वाजली, एक गाडी भुंग्यासारखी आली आणि गेली. पोरांच्या डोक्यावर धूळ बसली. मग दुसरी, मग तिसरी. पोरे विचारू लागली, "गुरुजी, पहिला कोण?" मला कुठे ठाऊक! तिथे उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला विचारले, तर तो म्हणाला, "मागे व्हा." पुन्हा विचारले, पुन्हा तेच. संपूर्ण सकाळ आयोजकांनी आमच्याशी उच्चारलेले शब्द हे दोनच. परतताना सर्वांत धाकटा पोरगा म्हणाला, "गुरुजी, गाडी छान होती, पण गोष्ट कळली नाही."

वाचकहो, या पोराने जे सांगितले ते मोठमोठ्या सल्लागारांना सापडलेले नाही. तो "फार वेळ लागला" असे म्हणाला नाही. तीन तास तो उन्हात बसला होता आणि कुरकुरला नव्हता. त्याची तक्रार एवढीच होती की त्याला कोणी काही सांगितले नाही. वीस वर्षे मी पोरांना शिकवतो आहे. पस्तीस मिनिटांच्या तासाला जांभया देणारी हीच पोरे शिवाजीमहाराजांच्या आग्ऱ्याच्या सुटकेची गोष्ट लागली की मधल्या सुट्टीची घंटा ऐकत नाहीत. मुलांना धीर नसतो हे मास्तरांनी आपला कंटाळवाणेपणा झाकण्यासाठी काढलेले निमित्त आहे. प्रेक्षकाला धीर नाही, हेही तसलेच निमित्त होय.

आणि आखूड रॅली पाहिजेच असेल, तर ती नव्याने काढण्याची गरज काय? ती केव्हाच निघालेली आहे. १९६७ साली इंग्लंडातील लिडन हिल येथे खास दूरचित्रवाणीसाठी रॅलीच्या गाड्या एका छोट्या वर्तुळावर एकत्र सोडल्या आणि त्या खेळाला रॅलीक्रॉस असे नाव पडले. आखूड, गोंगाटाची, डोळ्यांपुढे निकाल लावणारी अशी ती शर्यत आहे. २०१४ साली तिला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जाही मिळाला. तिचे तिला लखलाभ असो. मला तिच्याविषयी आकस नाही. पण सत्तावन्न वर्षांहून अधिक काळ हे औषध बाजारात असूनही ज्यांना रॅली हवी ते रॅलीकडेच जात राहिले, याचा अर्थ जाणकारांनी कधी लावला आहे काय?

क्रिकेटचा दाखलाही अर्धाच दिला जातो. २००३ साली इंग्लंडात वीस षटकांचा खेळ सुरू झाला, २००८ पासून आपल्याकडे त्याची जत्रा भरते, हे खरे. पण त्याने कसोटीला कात्री लावली नाही. कसोटीच्या शेजारी दुसरे दुकान मांडले. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला पाचव्या दिवशी भारताने सामना जिंकला, तेव्हा आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर "पाच दिवस फार झाले बुवा" असे कोणीच म्हटले नाही. पाच दिवस होते म्हणूनच त्या शेवटच्या तासाला किंमत आली.

रॅलीतही तेच आहे. २००७ साली न्यूझीलंडच्या रॅलीत फिनलंडचा मार्कुस ग्रोनहोल्म फ्रान्सच्या सेबास्तियन लोबपेक्षा ०.३ सेकंदाने पुढे राहून जिंकला. तीन दिवस, डोंगर, माती, शेकडो किलोमीटर, आणि अंतर पापणी लवण्याइतके! १९९८ साली ब्रिटनमधील वर्षाच्या अखेरच्या रॅलीत टॉमी माकिनेन पहिल्याच दिवशी बाद झाला. जगज्जेतेपद गेले असे तो धरून चालला होता. कार्लोस साइन्झला शर्यत जिंकायचीही गरज नव्हती. गाडी नीट शेवटपर्यंत नेली की पुरे. शेवटच्या टप्प्याची समाप्तिरेषा काही शे मीटरांवर असताना त्याच्या टोयोटाचे इंजिन बंद पडले. सहचालक लुईस मोया याने गाडीच्या मागच्या काचेवर शिरस्त्राण फेकून मारले. अजिंक्यपद घरी जायला निघालेल्या माकिनेनला मिळाले. हे पंधरा मिनिटांच्या खेळात घडवून दाखवा! तेथे इंजिन बंद पडले तर दुसरी गाडी आणतील आणि मधल्या वेळात जाहिरात दाखवतील.

कोणी म्हणेल, मास्तर जुन्याला कवटाळणारे आहेत. तसे नाही. जुन्या रॅलीतले पुष्कळ काही गेले ते बरेच झाले. १९५३ साली पूर्व आफ्रिकेत सुरू झालेली सफारी रॅली वाहत्या रस्त्यावरून, हजारो किलोमीटर धावत असे; समोरून मालमोटारी, जनावरे आणि माणसे येत. पुढे गाड्यांच्या पुढे हेलिकॉप्टर उडवून इशारे द्यावे लागत. केनियात जन्मलेले आपले जोगिंदर सिंग यांनी ती १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीनदा जिंकली, याचा मला अभिमान आहे. पण तसले रस्ते आज शर्यतीसाठी उघडे ठेवा असे मी म्हणणार नाही. सफारी २००२ नंतर जागतिक मालिकेतून गळाली आणि २०२१ साली नैवाशाच्या परिसरात, बंद रस्त्यांवर, लहान होऊन परतली. ते योग्यच झाले. १९८६ साली पोर्तुगालमध्ये एक गाडी रस्त्यावर गर्दी करून उभ्या असलेल्या प्रेक्षकांत घुसली आणि तीन माणसे मेली. त्याच वर्षी कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि सहचालक सर्जिओ क्रेस्तो गाडीसह जळून गेले. त्या राक्षसी ताकदीच्या 'ग्रुप बी' गाड्या वर्षअखेरीस बंद केल्या. कोणी त्या दिवसांसाठी उसासे टाकत असेल तर त्याने स्वतःचे मूल त्या रस्त्याच्या कडेला उभे करून मग टाकावेत.

तेव्हा बदल करायचा की नाही हा प्रश्नच नाही. काय कापायचे आणि काय ठेवायचे, हा प्रश्न आहे. आपली संगीत नाटके एके काळी रात्रभर चालत. पुढे ती तीन तासांवर आली. वन्समोअर गेले, पदे गेली. पण नाटक उभे राहिले, कारण कापणाऱ्यांनी पदे कापली, कथानक कापले नाही. रॅलीच्या धुरिणांनी नेमके उलटे केले आहे. त्यांनी कथानकाला हात घातला आणि पदे वाढवली!

कसे ते पाहा. रॅलीचे कथानक म्हणजे प्रवास. १९११ साली माँटे कार्लोची पहिली रॅली झाली, तेव्हा युरोपातल्या निरनिराळ्या शहरांतून गाड्या निघून एका ठिकाणी येऊन मिळाल्या. आमच्याकडे देहूहून तुकोबांची, आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते आणि सगळ्या वाटा पंढरीला मिळतात, तशातलीच ही कल्पना. देवाच्या जागी तिथे समुद्रकाठचा जुगारअड्डा होता एवढेच. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीला निघालेल्या रॅलीत अठ्ठ्याण्णव गाड्या होत्या. त्या तेहरान, काबूल, दिल्ली करीत डिसेंबरच्या आरंभी मुंबईत पोचल्या आणि 'चुसान' नावाच्या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. माझे वडील तेव्हा अकरा वर्षांचे. मुंबईत मामाकडे शिकायला होते आणि मामा गोदीत कामाला. त्या धुळीने माखलेल्या, पत्रे चेपलेल्या गाड्या वडिलांनी पाहिल्या. मरेपर्यंत ते सांगत, "त्या गाड्यांवर काबूलची धूळ होती." पुढे सिडनी काही तासांवर असताना आघाडीवरच्या सित्रोएनला समोरून येणाऱ्या एका मोटारीने धडक दिली आणि अँड्र्यू कोवान हिलमन हंटर घेऊन जिंकला, हे वडिलांना पुष्कळ वर्षांनी कळले. पण गोष्ट त्यांच्या मनात अर्धी राहिली नव्हती. त्यांच्या गावातून ती गेली होती, म्हणून ती त्यांची होती.

आज जागतिक रॅली एका शहराभोवती घुटमळते. एकच दुरुस्तीतळ, त्याच्याभोवती पाकळ्यांसारखे टप्पे. सकाळी जे रस्ते तुडवायचे तेच बहुधा दुपारी पुन्हा. सुमारे तीनशे किलोमीटरांचा हिशेब पुरा झाला की रविवारी बक्षिसे. मेकॅनिकांची सोय होते, खर्च आटोक्यात राहतो, चित्रीकरणाची तारांबळ वाचते. हे सर्व मला मान्य आहे. पण माँटे कार्लोचा हिमाच्छादित घाट, फिनलंडचे जंगल आणि केनियाची माती यांना एकाच साच्यात घालून वर "प्रेक्षक का कंटाळतो" असे विचारणे म्हणजे रोज पिठले वाढून पाहुणा का रुसला असे विचारण्यापैकी आहे.

आणि पदे कोणती वाढवली? गुणांची. २०११ पासून अखेरच्या टप्प्याला जादा गुण आले. तेवढे चालून गेले. २०२४ साली मात्र कहर झाला. शनिवारअखेरच्या क्रमाला निराळे गुण, रविवारच्या एकट्या दिवसाला निराळे, शेवटच्या टप्प्याला आणखी निराळे. हेतू असा की रविवारी कोणी झोपू नये. परिणाम काय? त्या वर्षी स्वीडनची रॅली एसापेक्का लाप्पी जिंकला आणि त्याला १९ गुण मिळाले. दुसऱ्या आलेल्या एल्फिन एव्हान्सला २४! आमच्या शाळेत पहिल्या आलेल्या मुलापेक्षा दुसऱ्याला जास्त गुण दिले, तर पालक शाळेचे कुलूप तोडतील. पुढच्या वर्षी शहाणपण येऊन पहिल्याला पुन्हा सरळ २५ गुण देऊ लागले. रविवारचे आणि शेवटच्या टप्प्याचे पाच-पाच मात्र राहिलेच. सामान्य माणसाला खेळ कळत नाही म्हणून तो सोपा करायला निघालेल्यांनी विजेता कोण हेच कळू नये अशी व्यवस्था केली होती.

नुसती टीका करून हात झटकणे बरे नाही. माझे म्हणणे थोडक्यात मांडतो.

प्रत्येक रॅलीला तिचा स्वभाव परत द्या. एखादी दोन दिवसांची असो, एखादी पाच. एखादी रात्रीची असो. आखूड रॅली जिथे शोभते तिथे ती जरूर करा, पण सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवू नका. वर्षातून निदान काही रॅली तरी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाऊ द्या. पालखीचा मुक्काम पडतो तसा त्यांचा मुक्काम पडू द्या. संध्याकाळी बाजारपेठेत गाड्या उभ्या करा. मेकॅनिक चाक काढताना पोरांना पाहू द्या. त्या पोरांतला एखादा उद्या ते चाक बसवील.

जो रॅली जिंकेल त्याला सर्वाधिक गुण मिळतील असा नियम करा, आणि तो एका वाक्यात सांगता येईल असा ठेवा.

मग गोष्ट सांगा. २०१८ पासून प्रत्येक टप्पा थेट दाखवण्याची सोय झाली आहे, हे उत्तम काम झाले. पण दाखवणे निराळे आणि सांगणे निराळे. सहचालकाचा आवाज ऐकवा, त्याची टिपणे उलगडा, कोण कशासाठी धोका पत्करतो आहे ते सांगा, आणि ते लोकांच्या भाषेत सांगा. टेकडीवर बसलेल्यांसाठी एक कर्णा आणि एक फळा पुरे आहे. फळ्यावर खडूने वेळा लिहा. त्याला किती खर्च येतो? आमच्या शाळेतून खडू मी देईन.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आपल्या देशाची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात एका राष्ट्रीय रॅलीच्या बंद रस्त्यावर एक मोटारसायकल आली. तिच्यावर नवरा, बायको आणि मुलगा असे एकाच घरातले तिघे होते. धावत्या गाडीची धडक बसून तिघेही गेले. दोष कोणाचा याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. पण 'बंद रस्ता' हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. कोणासाठी बंद? तो रस्ता शर्यतीचा दोन दिवस आणि गावाचा बाकीचे सगळे दिवस. त्याच वाटेने बाई दवाखान्यात जाते, पोर शाळेत जाते, दूध डेअरीला जाते. पाहुण्याने घरधन्याला न विचारता माजघराला कडी घालावी, तसा हा प्रकार झाला.

म्हणून रॅली ज्या रस्त्याने जाणार त्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत आधी विषय मांडा. 'हो' म्हटले तर जा, 'नाही' म्हटले तर दुसरा रस्ता शोधा. गावचीच पोरे हाताशी धरा, त्यांना शिकवा, मोबदला द्या. कोणत्या वस्तीतून कोणती पायवाट रस्त्यावर उतरते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? प्रेक्षकांनी कुठे बसायचे तेही त्यांनाच दाखवू द्या. शंकरपटाला आणि बैलगाड्यांच्या घाटाला गाव जमते, तेव्हा कोणाची जोडी कोणत्या गावची, बैलाचे नाव काय, मागल्या साली काय झाले, हे लहान पोरही सांगते. तिथे कोणी "प्रेक्षक आधुनिक झाला" म्हणून रडत नाही. गाव तिथे प्रेक्षक म्हणून येत नाही, यजमान म्हणून उभे असते.

आधुनिक प्रेक्षक म्हणून ज्याच्या नावाने हा सगळा गळा काढला जातो, तो मी पाहिला आहे. तो सातवीत होता, त्याच्या केसांत धूळ होती, आणि त्याला घाई नव्हती. त्याने एकच प्रश्न विचारला होता: पहिला कोण? त्याला "मागे व्हा" एवढेच उत्तर मिळाले. आता त्याच्यासाठी रस्ता आखडून, गाड्या स्टेडियमात कोंडून काही होणार नाही. तो अजून त्या टेकडीवर बसायला तयार आहे. या वेळी त्याला उत्तर द्या.